घरच्या जळणासाठी लाकूड फोडायचं मशीन घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वर्षाला साधारण ५ घनमीटर रचलेलं जळण लागतं, आजवर सगळं कुऱ्हाडीने फोडलं, पण पन्नाशी ओलांडल्यापासून कंबर आणि उजवा खांदा दोन्ही कुरकुरायला लागलेत, तर आता लॉग स्प्लिटर घ्यावा का. मी सोळा वर्षं घरचं सरपण स्वतः फोडतोय. पहिली दहा वर्षं नुसती कुऱ्हाड होती, नंतरची सहा मशीन हाताशी आहे. माझं मत आधीच सांगतो. ढीग किती मोठा आहे यावरून ठरवू नका. त्या ढिगात हट्टी ओंडके किती आहेत ते मोजा आणि त्यावरून ठरवा.

तुमचाच आकडा घेऊन हिशेब करू. रचलेल्या थप्पीत फटी असतात, त्यामुळे ५ घनमीटरच्या थप्पीत भरीव लाकूड साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ३.३ घनमीटरच्या आसपास. ३० सेंमी जाडीचा आणि ३५ सेंमी लांबीचा ओंडका धरला तर तो ०.०२५ घनमीटर भरतो. म्हणजे तुमचं वर्षाचं काम सव्वाशे ते एकशे पस्तीस ओंडक्यांचं आहे. सरळ रेषेचं, बिनगाठीचं लाकूड असेल तर असा ओंडका चार-पाच घावांत मोकळा होतो. उचलणं, ठेवणं, तुकडे बाजूला सारणं धरून दोन मिनिटं. सगळे तसेच असते तर वर्षभराचं फोडणं साडेचार-पाच तासांत उरकलं असतं! आणि मशीनवरही जवळपास तेवढाच वेळ जातो, कारण हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनचा ओंडका रेटणारा दांडा पुढे जाऊन मागे यायला दहा ते वीस सेकंद घेतो आणि एका ओंडक्याला तो चार-पाचदा न्यावा लागतो. चांगल्या लाकडात हाताने काम करणारा माणूस मशीनच्या मागे पडत नाही. हे मी घड्याळ लावून बघितलंय.

मग दोन-दोन दिवस जातात कुठे? गाठाळ, बेचक्याच्या आणि पिळाच्या ओंडक्यांत.

मशीन घेण्याआधीच्या वर्षी माझ्याकडे एक बेचकं होतं, जिथून खोडाला दोन फांद्या फुटतात तो भाग. पहिला घाव घातला तर कुऱ्हाड टण्णकन उसळून परत आली. सरळ लाकूड फुटताना खोलवरून ‘खळ्’ असा पोकळ आवाज येतो, इथे तो येतच नव्हता. कडेने एक पाचर ठोकली, ती अर्धी जाऊन रुतली. ती सोडवायला दुसरी ठोकली, तीही रुतली. शेवटी फुटलं तेव्हा आत दिसलं की दोन्ही फांद्यांचे धागे वेणीसारखे एकमेकांत गुंफलेले होते आणि कुऱ्हाडीला फाकवायला सरळ रेष अशी नव्हतीच. त्या एका ओंडक्याला चाळीस मिनिटं गेली. असे वीस-बावीस ओंडके मी त्या हंगामात ईर्षेने फोडले आणि त्यानंतर तीन महिने उजव्या कोपरातली कळ गेली नाही. भरलेला तांब्या उचलतानासुद्धा हात थरथरायचा. खांद्याची आणि कोपराची वाट लावतात ते हे ओंडके. सरळ लाकडाला दोष देऊ नका.

म्हणून आधी असं करा. यंदाचं लाकूड कापून झालं की ओंडके उभे मांडा आणि प्रत्येकाचं तोंड नीट बघा. मधून कडेकडे जाणारे सरळ तडे दिसत असतील आणि अंगावर गाठ नसेल तर तो कुऱ्हाडीचा. साल निघालेल्या जागी रेषा वळत वळत जाताना दिसत असेल, फांदीचा बुंधा असेल, बेचकं असेल तर खडूने फुली मारा. एक घाव दोन तुकडे ही म्हण फुली नसलेल्यांसाठी आहे. फुल्या वीसच्या आत असतील तर मशीन घेऊ नका. ते ओंडके बाजूला ठेवा आणि एका दिवसासाठी मशीन भाड्याने किंवा ओळखीतून आणा, नाहीतर साखळी करवतीने त्यांच्या उभ्या चकत्या पाडा. पाव ढिगाहून जास्त फुल्या झाल्या तर मात्र घ्या, आणि मन खाऊ देऊ नका. खांद्याला खरी इजा आहे, डॉक्टरांनी घाव घालायला मनाई केलीय, असं असेल तर फुल्या मोजत बसायचं कारणच नाही, घेऊन टाका.

फुल्या कमी करायचा एक उपायही आहे. ओंडके आखूड कापा. शेगडीत ५० सेंमीचं लाकूड मावतं म्हणून आपण ५०चं कापतो, पण ३० सेंमीचा ओंडका कितीतरी सहज फुटतो, कारण तडा जायचं अंतरच कमी होतं. करवतीच्या काही खेपा वाढतात, पण त्या परवडतात. दुसरं म्हणजे ताजं असतानाच फोडा. बहुतेक झाडांचं लाकूड ओलं असताना जास्त सहज फुटतं, वाळलं की गाठी लोखंडासारख्या होतात. शिवाय साल पाणी अडवून धरते, त्यामुळे न फोडलेला ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओला निघतो. जळणात ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, तो फोडून रचल्याशिवाय येत नाही. मोठ्या ओंडक्याच्या मध्यावर घाव घालू नका, कडेकडेने सोलत आत या. आणि खालच्या ठोकळ्यावर जुना टायर ठेवून त्यात ओंडका उभा करा. तुकडे उडत नाहीत, प्रत्येक घावानंतर वाकून गोळा करावे लागत नाहीत. कंबरेला या टायरने जो आराम दिला तो मला मशीननेही दिला नाही.

कंबरेचं वेगळं लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. मशीन खांदा वाचवतं, कंबर वाचवतंच असं नाही. वर हिशेबात धरलेला ओंडका ओला असताना २०-२५ किलोचा असतो. असे एकशे तीस ओंडके आडव्या मशीनवर उचलून ठेवायचे म्हणजे तीन टनांच्या आसपास वजन वाकून उचलणं झालं. जाडी ४५ सेंमी झाली की एकेक ओंडका पन्नास किलोच्या पुढे जातो. लहान विजेची मशीनं बहुतेक जमिनीलगत असतात, त्यावर तासभर काम केलं की कुऱ्हाड बरी होती असं वाटतं. तेव्हा घ्यायचंच तर ज्याचा दांडा उभा करता येतो असं घ्या. ओंडका जमिनीवरून लोटत त्याच्याखाली आणता येतो, उचलावा लागत नाही. आडवंच मिळालं तर त्याला मजबूत घोडी करून कमरेच्या उंचीवर आणा.

टनांबद्दल, म्हणजे मशीन किती जोर लावतं त्याबद्दल, थोडक्यात. विजेवरची मशीनं साधारण ५ ते ७ टनांची येतात, सरळ लाकडाला ती पुरतात. गंमत अशी की सरळ लाकूड कुऱ्हाडीनेही फुटतं. ज्यासाठी मशीन हवं त्या पिळाच्या आणि गाठींच्या जाड लाकडात ७ टनांचं मशीन पाचर अर्धी घुसवून थांबतं. तिथे २० टनांच्या आसपासचं पेट्रोलवरचं लागतं. जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका, स्वतः ताडून बघा. सिलिंडरचा आतला व्यास १०० मिमी असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी. दाब २०० बार, म्हणजे दर चौरस सेंमीवर साधारण २०० किलो असेल, तर जोर भरतो सुमारे १६ टन. त्याच मापांवर कुणी २५ टन छापलं असेल तर पुढे जा. जड चाकाच्या वेगावर चालणारी एक जातही असते, दोन-तीन सेकंदांत ओंडका फोडते, पण गाठाळ लाकडावर ती उसळते. तुमच्या कामाला मी ती सुचवणार नाही.

विजेचं घेतलंत तर लांब, बारीक वायरवर लावू नका. दाब पडला की व्होल्टेज उतरतं आणि मोटर तापून जाते. माझ्या मशीनच्या टाकीवर हवा सोडायचा एक छोटा स्क्रू आहे. काम सुरू करण्याआधी तो दोन-तीन आटे सैल करायचा, हलवताना घट्ट करायचा, असं पुस्तिकेत होतं. मी वाचलं नव्हतं. आत हवा दाबली गेली, सील फुटलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात मशीनखाली तेलाचं थारोळं. चूक सर्वस्वी माझी होती.

आता एक कळकळीची विनंती. ओंडका ठेवणारा आणि मशीन चालवणारा माणूस एकच असू दे. घरच्यांपैकी कुणी प्रेमाने म्हणेल, मी धरतो, तू मूठ ओढ. नको म्हणा. दोघांच्या अंदाजात अर्ध्या सेकंदाचा फरक पडला की बोटं लाकूड आणि पोलादी पट्टीच्या मध्ये सापडतात, आणि मशीनला लाकडातला आणि बोटातला फरक कळत नाही. दोन्ही हात गुंतवणाऱ्या मुठी त्यासाठीच असतात. त्यातली एक दोरीने बांधून ठेवणारे मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नका. तेलाची नळी झिरपतेय अशी शंका आली तर हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. त्या दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. डोळ्यांना चष्मा मात्र कुऱ्हाड असो की मशीन, दोन्हीकडे हवाच. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर ते आधी घासून घ्या, त्याच्याच कपच्या उडतात.

तुमचं लाकूड कुठल्या झाडाचं आहे ते प्रश्नात दिसलं नाही. ते आणि फुल्यांचा आकडा कळवलात तर मला नेमकं सांगता येईल. जुनी, जाड निलगिरी असेल तर तिच्यात पीळ फार असतो, मग मी फुल्या मोजायलाही सांगणार नाही, सरळ उभ्या दांड्याचं मोठं मशीन बघा म्हणेन.