किंबर्लीला येण्याआधी

"पालघरच्या आश्रमशाळेत दोन वर्षं नेतृत्व-शिबिरं घेतली, आता वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, किंबर्ली भागात, ॲबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांची मेंटॉर व्हायचंय. मावशी, तयारी काय करू?" असं विचारलंयस.

कागदपत्रांचं आधी उरकते. समाजकार्याची पदवी इथल्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेकडून, म्हणजे एएएसडब्ल्यूकडून, तपासून घ्यावी लागते. इंग्रजीची परीक्षा असते. 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक', म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्यांची सरकारी पडताळणी, हवाच. आणि गाडी पक्की शिकून ये. चेष्टा नाही करत. इथल्या ब्रूम गावापासून फिट्झरॉय क्रॉसिंग जवळजवळ 400 किलोमीटर आहे, आणि पहिलं वर्षभर तुझा खरा उपयोग ड्रायव्हर म्हणूनच होणार आहे.

कारण मेंटॉर तू नसशील. ते त्यांचे वडीलधारे असतात. 2000 च्या सुमारास न्यिकिना, मंगला, कराजारी आणि वॉलमाजारी या चार भाषांच्या वडीलधाऱ्यांनी 'यिरिमान' हा तरुण पोरांसाठीचा उपक्रम सुरू केला. पोरं नशेत अडकत होती, स्वतःला इजा करून घेत होती. म्हाताऱ्यांनी त्यांना भाषणं दिली नाहीत, आपल्या मुलखात पायी नेलं. चालता चालता जागेचं नाव सांगायचं, तिची गोष्ट सांगायची, माग कसा काढायचा ते दाखवायचं. वाळवंटातल्या जिवंत पाण्याला 'जिला' म्हणतात; तिथं कसं जायचं हे ज्याला कळलं, त्याची चालच बदलते. पुढच्या खेपेला तोच धाकट्यांना घेऊन पुढे असतो. नेतृत्व म्हणतात ते हेच.

आपण वक्तृत्व स्पर्धांत वाढलेली माणसं. जो उभा राहून बोलतो तो धीट, अशी आपली समजूत. माझ्या पहिल्याच शिबिरात मी एका मुलाला सगळ्यांसमोर उभं करून त्याचं कौतुक केलं. तो उठून गेला तो दोन दिवस फिरकलाच नाही. एका आजींनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "शेम जॉब". चारचौघांत एकट्याला वेगळं काढलं की त्यांना 'शेम' वाटते, कौतुकासाठी काढलं तरीही. खाली बघणारा मुलगा बुजरा असेलच असं नाही. मोठ्यांच्या डोळ्यांत न बघणं हा मानही असतो. पालघरला तू हे पाहिलं असशील, पण तेवढ्यावर "मला आदिवासी कळतात" असं इथं म्हणू नकोस. वसाहत सुरू झाली तेव्हा या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या.

आणि त्या गाडीबद्दल अजून थोडं. साधारण 1910 ते 1970 या काळात सरकारी माणसं अशीच येऊन ॲबोरिजिनल मुलांना घरांतून उचलून नेत होती. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती 13 फेब्रुवारी 2008 ला. त्यामुळे पोरांना गाडीत घेण्याआधी आजीला विचारायचं, कुठे जाणार ते सांगायचं, आणि तिलाच पुढच्या सीटवर बसवायचं.

मोठ्यांना 'आंटी', 'अंकल' म्हणतात, पण तुझी ओळख करून देणारा काय म्हणतो ते आधी ऐक. मला लगेच मावशी केलंस तसं इथे नको.

कुणी गेलं की 'सॉरी बिझनेस', म्हणजे शोकाचा काळ, सुरू होतो आणि सगळी कामं थांबतात, तुझं शिबिरही. गेलेल्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. देणगीदाराला अहवाल उशिरा जाईल, जाऊ दे.

नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे; रस्ते पाण्याखाली जातात. मेमध्ये ये.