वीस-पंचवीस वर्षांनी परतलेले बँड: काय ऐकावं, काय सोडावं?

तुमचा प्रश्न असा, की कॉलेजात ऐकलेले पल्प, द क्युअर, पिक्सीज, स्लोडाइव्ह हे बँड इतक्या वर्षांनी नवे अल्बम काढताहेत. त्यात खरंच दम आहे, की जुन्या नावावर तिकिटं खपवायचा धंदा आहे? आणि ऐकायचंच ठरवलं तर सुरुवात कुठून करावी?

धंदा आहेच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यातले चांगले अल्बम एकही गाणं न ऐकता बऱ्यापैकी ओळखता येतात. बँड परत एकत्र आल्यावर, स्टुडिओत जाण्याआधी, त्यांनी नवी गाणी लोकांसमोर वाजवली होती का, हे आधी बघा. मग मूळ संचातलं कोण राहिलंय ते बघा. त्यातही गायकापेक्षा बास आणि ड्रम वाजवणाऱ्यांकडे लक्ष द्या. गायकाचा आवाज वयाने खाली गेला तरी गाण्याची पट्टी उतरवून निभावतं. बास आणि ड्रमची एकमेकांत मुरलेली लय मात्र भाड्याने मिळत नाही.

पिक्सीजचं उदाहरण घ्या. १९९३ साली फुटले, २००४ मध्ये चौघंही परत आले आणि पुढची दहा वर्षं जुनीच गाणी वाजवत जगभर फिरले. त्या काळात मूळ चौघांचं स्वतःचं नवं गाणं बाहेर आलं ते एकच, 'बॅम थ्वॉक', २००४ मधलं, तेही फक्त डाउनलोड म्हणून. अखेर वेल्समध्ये नव्या अल्बमचं काम निघालं, तर बासवाली किम डील २०१३ मध्ये मध्येच निघून गेली. 'इंडी सिंडी' २०१४ साली आला, तो आधी सुट्या काढलेल्या तीन ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड) एकत्र बांधून. ऐकताना ते शिवण दिसतं. गाणी वाईट नाहीत, पण डीलचा तो साधा, हट्टी बास नाही आणि मागचा थंड आवाजही नाही. पिक्सीजच्या गाण्यात शांत भाग आणि किंचाळणारा भाग यांच्यात जो ताण असतो, तो निम्मा तिच्यामुळे होता. दहा वर्षांचे दौरे कामाला आले नाहीत, कारण त्या दौऱ्यांत नवं काही घासून बघितलंच गेलं नव्हतं.

उलट टोकाला डायनोसॉर ज्युनिअर. १९८९ मध्ये गायक-गिटारवादक जे मॅस्किसने बासवाल्या लू बार्लोला बँडमधून काढलं, आणि पुढे बरीच वर्षं दोघांत विस्तव जात नव्हता. २००५ मध्ये बार्लो आणि ड्रमर मर्फ परतले, आणि २००७ मध्ये 'बियाँड' आला. याच्या श्रेयनामावलीत एक गंमत आहे. १९८८ च्या 'बग'वर बार्लोचं स्वतःचं एकही गाणं नव्हतं. परतल्यानंतरच्या पाचही अल्बमवर, म्हणजे २००७, २००९, २०१२, २०१६ आणि २०२१, प्रत्येकी त्याची बरोबर दोन गाणी आहेत. वाटणी ठरलेली, त्यामुळे भांडण नाही. नुसत्या प्रेमाच्या मुलाखतींपेक्षा हा हिशेब जास्त खरा वाटतो.

द क्युअरने दुसरी वाट धरली. २००८ नंतर सोळा वर्षं नवा अल्बम नाही, पण २०२२ पासूनच्या दौऱ्यात नवी गाणी रोज वाजत होती. 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' १ नोव्हेंबर २०२४ ला आला तेव्हा आठ गाण्यांपैकी बरीचशी स्टेजवर पक्की झालेली होती. पहिलंच 'अलोन' नीट ऐका. तीन मिनिटं उलटून गेल्यावर रॉबर्ट स्मिथचा आवाज येतो. तोवर काय चाललंय? जेसन कूपरचा ड्रम जवळजवळ फरफटत चालतो, मागे कीबोर्डचे सूर ढगासारखे साचतात, आणि त्याखाली सायमन गॅलपचा बास. पहिल्या ऐकण्यात फक्त तो बास धरा, बाकी सोडून द्या. म्हणजे ही लांब सुरुवात प्रस्तावना वाटणार नाही, संथ आलापीनंतर बंदिश यावी तसा आवाज येतो. इतकी लांब सुरुवात स्टुडिओत बसून सहसा कोणी ठेवत नाही. समोर हजारो लोक गप्प उभे राहतात हे बघितल्यावरच ती ठेवायचं धाडस होतं.

पल्पचा 'मोअर' जून २०२५ मधला, आधीच्या अल्बमनंतर चोवीस वर्षांनी. गाजलेल्या काळातला बासवादक स्टीव्ह मॅकी २०२३ मध्ये वारला, अल्बम त्यालाच अर्पण केलाय. म्हणजे माझ्या दुसऱ्या कसोटीवर हा अल्बम पडायला हवा होता. पडला नाही, कारण कँडिडा डॉयलचा कीबोर्ड आणि निक बँक्सचा ड्रम जागेवर आहेत, आणि काही गाणी २०२३ पासूनच्या कार्यक्रमांतून तयार होत आली होती. म्हणूनच रेकॉर्डिंग तीन आठवड्यांत उरकलं. याच बँडची ९० च्या दशकातली कामं कशी महिनोन्महिने रखडत, ते आठवून बघा. 'गॉट टू हॅव लव्ह'ची चाल तर विसाव्या शतकाच्या अखेरीची, फक्त शब्द तेव्हा जमले नव्हते. जुन्या वहीतलं म्हणून शिळं, असं गाण्याच्या बाबतीत नसतं.

स्लोडाइव्ह माझ्या मते या सगळ्यांत सरस. १९९५ मध्ये 'पिग्मेलियन' आल्यावर आठवड्याभरात रेकॉर्ड कंपनीने त्यांना नारळ दिला. २०१४ मध्ये पाचही जण परतले, त्यात त्या अल्बमआधीच बाहेर पडलेला ड्रमर सायमन स्कॉटही. तीन वर्षं वाजवून २०१७ मध्ये बँडच्याच नावाचा अल्बम आणि २०२३ मध्ये 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह'. दुसरा अल्बम बँडचा गायक-गिटारवादक नील हॉल्स्टेडने घरी एकट्याने केलेल्या इलेक्ट्रॉनिक तुकड्यांतून सुरू झाला. 'शँटी' लावा: आधी सिंथचे सुटे सूर गोल फिरतात, मग गिटार भरतीसारखी वर चढते. गिटार, बास, ड्रम अशा नेहमीच्या पायावर हे गाणं उभं नाही, तरी पहिल्या मिनिटात कळतं की हे तेच लोक आहेत.

आता ऐकण्याबद्दल, कारण निम्मी निराशा तिथेच होते.

या संगीतात गिटारचे थर एकावर एक असतात. फोनच्या स्पीकरवर ते सगळे मिळून एकच खरखर होते आणि बास तर गायबच. तारेचा साधा हेडफोन महागड्या ब्लूटूथ स्पीकरपेक्षा बरा. एकाच कानात इअरफोन घालून ऐकू नका. डाव्या-उजव्या बाजूंना वेगळं वाजवलेलं असतं, निम्मं गाणं हुकेल. ॲपमधला इक्वलायझर आणि क्रॉसफेड बंद ठेवा, नाहीतर एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जातं. जुना आणि नवा अल्बम तुलनेसाठी लागोपाठ ऐकणार असाल तर व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळी गाणी साधारण सारख्याच जोरात वाजवणारी सोय, चालू ठेवा. स्पॉटिफायवर ते 'नॉर्मल' पातळीवर सगळं साधारण −१४ एलयूएफएसला (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आणतं. हे बंद असेल तर नवा अल्बम हमखास जास्त जोरात वाजतो, आणि जोरात वाजणारं आपल्याला आधी चांगलं वाटतं, अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं.

हा आवाज चढवण्याचा प्रकार किती नाजूक असतो ते डायनोसॉर ज्युनिअरच्याच २००९ मधल्या 'फार्म'वर दिसलं. युरोपात निघालेल्या पहिल्या सीडींवर चुकून आवाज ३ डेसिबलने जास्त चढला. ३ डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण ऊर्जा दुप्पट होते. मास्टर, म्हणजे ज्यावरून सीडी छापतात ते अंतिम रेकॉर्डिंग, आवाजाच्या छताला आधीच टेकलेलं असेल तर वर जागाच नसते, आणि ड्रमच्या प्रत्येक ठोक्याचं टोक कापलं जातं. ठोका थप्प असा चपटा ऐकू येतो. त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. जुन्या बाजारातून युरोपातली प्रत घेणार असाल तर ती बदली प्रत आहे का, एवढं विचारा.

क्रम असा ठेवा. आधी स्लोडाइव्हचा २०१७ चा, आठच गाणी आहेत, एका बैठकीत होतो. मग 'मोअर', हा चालता-फिरताही ऐकता येतो, पण गायक जार्व्हिस कॉकरचे शब्द समोर ठेवून. क्युअर रात्री आणि सलग. एखादं गाणं सुटं काढून प्लेलिस्टमध्ये टाकलंत तर ते मरतं. त्यानंतर 'बियाँड'. पिक्सीजचा परतीनंतरचा एकच घ्यायचा तर 'इंडी सिंडी' सोडून २०१९ चा 'बेनीथ द आयरी' घ्या. न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळ, चर्चचा स्टुडिओ केलाय तिथे तो रेकॉर्ड झाला. तुलना करताना त्यांचा गाजलेला 'डूलिटल' बाजूला ठेवा. परतलेल्या बँडची तुलना त्यांच्या शेवटच्या अल्बमशी करावी, सर्वांत गाजलेल्याशी नाही. पिक्सीजच्या बाबतीत तो १९९१ चा 'ट्रॉम्प ल माँद'.

माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'एमबीव्ही' अगदी शेवटी ठेवा, कारण तो वरचे सगळे नियम मोडतो. त्यांचा आधीचा अल्बम 'लव्हलेस' १९९१ चा, हा २ फेब्रुवारी २०१३ ला बँडच्या स्वतःच्या साइटवर आला आणि गर्दीने साइटच बसली. यातलं बरंच काम ९० च्या दशकातल्या टेपांवरचं, स्टेजवर घासून वगैरे काही नाही. केविन शिल्ड्स गिटारची ट्रेमोलो दांडी (सूर वर-खाली करणारी) मुठीत धरूनच तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक कॉर्ड थोडा वर-खाली झुलत राहतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला टेप ओढली गेलीय असं वाटतं. शेवटच्या 'वंडर टू'मध्ये तर डोक्यावरून विमान जात राहावं तसा घरघराट आहे, आणि लोक हमखास हेडफोनची पिन काढून पुसून परत लावतात. पिन ठीक असते.