पंखे फिरतायत, तरी सीपीयू ९५ अंशांवर. पंप गेलाय का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: तीन वर्षं जुना २४० एमएमचा लिक्विड कूलर (पंप सीपीयूवरचं तापलेलं पाणी नळ्यांतून रेडिएटरच्या जाळीत नेतो, तिथे पंखे ते गार करतात), रेडिएटरचे दोन्ही पंखे सुरू, पण नुसता ब्राउझर उघडला तरी पाच मिनिटांत सीपीयू ९५ अंशांवर आणि मग मशीन बंद. दुकानदार म्हणतो पंप मेला, नवा घ्या.

मेला असेलही. (एएमडी कंपनीचे रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर जड कामात ९५पर्यंत जायलाच बनवलेत, पण ब्राउझर म्हणजे काही जड काम नव्हे.) फक्त पैसे मोजण्याआधी कॅबिनेट उघडा. माझा पंप असाच 'मेला' होता.

मी कासारवडवलीला राहतो. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून घरात धुळीचा थर बसतो, म्हणून एका रविवारी ब्लोअर मारून कॅबिनेट साफ केलं. संध्याकाळी तुमच्यासारखीच गत. दोन दिवस मी सीपीयूवरची थर्मल पेस्ट बदल, बायोस (मशीन सुरू होतानाच येणारा सेटिंगचा प्रोग्राम) अपडेट कर, असले उद्योग करत होतो. शेवटी दिसलं की साफसफाईत पंपाची साटा पॉवरची वायर (थेट पॉवर सप्लायवरून येणारी) अर्धवट निघाली होती. पंखे मदरबोर्डवरून वीज घेत होते, म्हणून ते मजेत फिरत होते. पंप बहुतेक कूलरमध्ये असतो सीपीयूवर बसवलेल्या त्या गोल डबीत, त्याची वायर वेगळी. पंख्यांवरून पंपाचं काहीच कळत नाही.

तेव्हा आधी ती वायर काढून घट्ट बसवा. तुमचा पंप मदरबोर्डवरूनच वीज घेत असेल, तर बायोसमध्ये पंप ज्या पिनेला जोडलाय तिचा वेग कायम पूर्ण ठेवा. 'सायलेंट'वर असेल तर कमी व्होल्टेजला काही पंप सुरूच होत नाहीत.

मग मशीन सुरू करून बायोसमध्येच थांबा आणि दोन्ही नळ्यांना हात लावा. पाणी फिरत असेल तर दोन्ही जवळपास सारख्याच कोमट लागतात, रेडिएटरही कोमट होतो. डबीजवळ चटका आणि रेडिएटर थंडगार, म्हणजे पाणी हलत नाहीये. स्क्रूड्रायव्हरचं टोक डबीवर आणि मूठ कानाला लावा, गॅरेजवाले इंजिन ऐकतात तसं. बारीक घूं ऐकू आली तर मोटर जिवंत आहे.

मोटर जिवंत आणि पाणी मात्र ठप्प, हा प्रकार सोसायटीच्या पंपाचा आहे. टाकी रिकामी झाली की वॉचमन म्हणतो ना, 'पंपाने हवा धरली'? इथेही तेच. वर्षानुवर्षं नळ्यांतून थोडं थोडं पाणी उडतं, त्या जागी हवा येते आणि ती सगळ्यात उंच जागी जमते. ती जागा पंपाची असेल तर संपलं. कॅबिनेट आडवंतिडवं करून बघा. खुळखुळ ऐकू आली आणि तापमान उतरलं, तर रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील असा बसवा.

तरीही उतरलं नाही तर सीपीयूला टेकलेल्या तांब्याच्या प्लेटमधल्या केसाएवढ्या फटींत गाळ अडकलेला असू शकतो. अशा वेळी बायोसमध्ये पंपाचा आरपीएम (मिनिटाला फेरे) व्यवस्थित दिसतो आणि माणूस फसतो. आरपीएम शून्य, आवाज नाही, वायर घट्ट: मग मात्र दुकानदार खरा.

सीलबंद कूलर उघडून 'पाणी भरून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, वॉरंटी जाते. अनेक कूलरना पाच-सहा वर्षांची वॉरंटी असते, तेव्हा आधी बिल शोधा आणि सीरियल नंबरचा फोटो काढा. बदली येईपर्यंत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून एखादा साधा, फक्त पंख्याचा एअर कूलर आणा, सॉकेटचं (मदरबोर्डवर सीपीयू बसतो त्या खाचेचं) नाव लिहून न्या.

नळ्यांना हात लावून काय जाणवलं ते खाली लिहा, मग पुढचं बघू.