विंडोजवर क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस टाकला पण स्कॅन लावला की डेटाबेस सापडत नाही म्हणतो, काय करू?

डेटाबेस म्हणजे व्हायरसची यादी, ती अजून उतरलेलीच नाहीये, आधी फ्रेशक्लॅम (ती यादी उतरवणारा त्याच्यासोबतचाच प्रोग्राम) चालवा मग स्कॅन करा. क्लॅमएव्ही मूळचा युनिक्स-लिनक्सवाला प्रोग्राम, त्यामुळे विंडोजवर इन्स्टॉल झाला तरी सेटिंगची फाईल तुम्हालाच बनवावी लागते: कॉन्फ-एक्झाम्पल्स फोल्डरमधली फ्रेशक्लॅमची सॅम्पल फाईल मुख्य फोल्डरमध्ये कॉपी करा, नावातलं शेवटचं 'सॅम्पल' काढा आणि आत वरतीच 'एक्झाम्पल' एवढाच शब्द असलेली ओळ आहे ती उडवा, ती राहिली तर फ्रेशक्लॅम चालतच नाही. नोटपॅड गुपचूप मागे टीएक्सटी लावतं तेवढं बघा, सातपूरला वर्कशॉपवाल्यांचे पीसी बघतो मी, निम्म्या वेळा घोळ तिथेच निघतो 😅 आणि प्रोग्राम फाइल्समध्ये टाकला असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर डेटाबेस लिहायला परवानगीच मिळत नाही. फक्त एक, विंडोजवर क्लॅमएव्ही फाईल उघडताना आपोआप तपासत नाही, ती सोय लिनक्सवरच आहे, म्हणून डिफेंडर बंद करू नका.