४ टीबीची डिस्क २ टीबीच दिसते तेव्हा

अरे, डिस्क परत करायची घाई करू नकोस. विंडोजमध्ये ४ टीबीची डिस्क ३.६३ टीबी दिसते, ते बरोबरच आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. तुझी मात्र २०४८ जीबीवर अडलीय, म्हणजे बहुतेक ती एमबीआर (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची जुनी रीत) पद्धतीने तयार झालीय. त्या जुन्या पद्धतीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, क्रमांक ३२ बिटांचा; ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशेब तिथेच संपतो. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघड. पुढे साधारण १६७८ जीबी 'अनअलोकेटेड' (न वाटलेली जागा) दिसतंय ना? मग डिस्क जीपीटी (त्याच नोंदीची नवी पद्धत) कर.

पण त्याआधी बॅकअप! डिस्क मॅनेजमेंटमधून जीपीटी करायला सगळी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) उडवावी लागतात. घरचे फोटो असतील तर दुसरीकडे उतरवून घे, दोन-चार उघडून बघ, मगच हात लाव. आणि डिस्कचा नंबर दोनदा तपास. घाईत भलतीच डिस्क पुसली जाते.

नुसती डेटासाठी असेल तर युईएफआय (कॉम्प्युटर सुरू करणारी, जुन्या बायोसच्या जागी आलेली व्यवस्था) लागत नाही. विंडोज त्यावरूनच सुरू करायचं असेल तर लागतं.

डिस्कचा एकूण आकडाच १६७८ जीबी दिसत असेल, तर जुनी यूएसबी केस (डिस्क बसवायची पेटी) किंवा ड्रायव्हर (डिस्क चालवणारं सॉफ्टवेअर) बदलून बघ.