शंभर जणांना 'ॲप कसं वाटलं' विचारू नको, पाच जणांना वापरताना बघ

तुझा प्रश्न नीट वाचला. एमसीएचा शेवटचा प्रोजेक्ट, रोज वापरायची दोन-तीन ॲप्स लोकांना किती सोपी जातात ते तपासायचंय, आणि त्यासाठी तू शंभर जणांचा गूगल फॉर्म बनवला आहेस, 'ॲप आवडलं का, सोपं वाटलं का, किती स्टार द्याल'. या फॉर्मवर प्रोजेक्ट उभा करू नको. बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो, माणूस तोंडाने सांगतो एक आणि त्याचा अंगठा करतो भलतंच.

एक उदाहरण देतो. आपल्या नागपुरात गोकुळपेठेत एका काकूंच्या घरी बसलो होतो, त्या एका ॲपवर वीजबिल भरून राहिल्या होत्या. ग्राहक क्रमांक म्हणजे नुसते आकडे, तरी कीबोर्ड उघडला अक्षरांचा. बिलावर बोट ठेवून ठेवून नंबर टाकला तर 'पुढे' चं बटण कीबोर्डच्या खाली झाकलेलं, ते शोधत बसल्या. मग ओटीपी आला, तो वाचायला मेसेजमध्ये गेल्या आणि परत येतात तर पान कोरं, सगळं पुन्हा भरा. दुसऱ्यांदा त्यांनी वरच्या नोटिफिकेशनमधूनच आकडे पटापट पाठ केले. शेवटी नुसतं चक्र फिरतंय, पैसे गेले की नाही काही कळेना, त्यांनी घाबरून बॅक दाबलं. नंतर विचारलं ॲप कसं वाटलं, तर म्हणाल्या "अच्छं आहे जी, माझंच चुकलं", आणि चार स्टार. तुझ्या फॉर्ममध्ये फक्त ते चार स्टार आले असते.

म्हणून आधी तू स्वतः ॲप तपास, ठरलेल्या तत्त्वांची यादी समोर ठेवून एकेक स्क्रीन बघायची. ॲप वापरायला किती सोपं याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन आणि रोल्फ मोलिश यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली, नील्सनची आज वापरतात ती १० तत्त्वं १९९४ ची आहेत. काय चाललंय ते स्क्रीनवर दिसतं का, चुकलं तर मागे फिरता येतं का, आधीच्या पानावरचं लक्षात ठेवावं लागतं का, अशी. काकूंचे जवळपास सगळे अडथळे यातच सापडतात. एकट्याने करू नको, तीन-चार मित्रांना वेगवेगळं तपासायला सांग आणि मगच याद्या एकत्र कर, कारण एकाला दिसतं ते दुसऱ्याच्या नजरेतून सुटतं.

आता माणसं. नील्सनने २००० मध्ये पाच जणांचा हिशोब मांडला, एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो असं धरलं तर पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास बाहेर येतात. पण हे एकाच प्रकारच्या लोकांसाठी, आणि दोष शोधायसाठी, 'इतके टक्के लोकांना जमलं' असा दावा पाच जणांवर करता येत नाही. इतवारीतला दुकानदार आणि होस्टेलवरचा पोरगा एका गटात टाकू नको, दोन्हीकडून तीन-चार जण घे. तो फॉर्म इथे कामाला येईल, त्यातून वय, फोन आणि सवयी बघून माणसं निवड.

काम सांगताना बटणाचं नाव तोंडातून काढायचं नाही. 'रूट प्लॅनर उघडा' असं नाही, तर 'लोकमान्य नगरहून खापरीला जायचंय, भाडं किती आणि मेट्रो कुठे बदलायची ते बघा'. त्याला सीताबर्डी इंटरचेंज सापडतं का ते बघायचंय तुला. मनात येईल ते मोठ्याने बोला म्हणायचं आणि आपण गप्प बसायचं. हेच सगळ्यात कठीण आहे, समोरचा अडकला की आपला हात आपोआप पुढे जातो. जाऊ देऊ नको, तो कुठे थांबला आणि काय चुकीचं दाबलं ते लिहून घे.

फोन त्याचाच हवा. बऱ्याच जणांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात, तेव्हाच बटणावरची मराठी अर्धी गायब होते, वेलांट्या-उकार कापले जातात, कारण ओळीची उंची रोमन अक्षरांवर बेतलेली असते. आणि एकदा तरी ही चाचणी सीताबर्डीवर भर उन्हात घे. पांढऱ्यावर फिक्या करड्या अक्षरांचं जे काय होतं ते आपल्या नागपूरच्या मे महिन्यात लगेच दिसतं. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय सूचना, त्यात साध्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक) सांगितलाय, तो मोजून रिपोर्टमध्ये टाक.

गाईडला आकडा हवाच असेल तर काम झाल्यावर एसयूएस (सिस्टीम युजेबिलिटी स्केल) भरून घे, वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी, जॉन ब्रुकने १९८६ मध्ये केलेली १० विधानांची प्रश्नावली. उत्तरं १ ते ५, विषम विधानात उत्तरातून १ वजा, सम विधानात ५ मधून उत्तर वजा, बेरीज गुणिले २.५. येतो तो ० ते १०० मधला गुण, टक्के नव्हेत, साधारण ६८ ही सरासरी धरतात. हा आकडा एकटा देऊ नको, काम पुरं झालं का आणि वेळ किती लागला हे शेजारी लिही.

प्रत्येक अडचणीला ० ते ४ गंभीरता दे. फक्त दिसायला खराब असेल तर १, पैसे अडकण्याची भीती असेल तर ४, ओटीपीनंतर पान कोरं होणं मी ४ मध्येच टाकेन. आणि रेकॉर्डिंगची परवानगी आधी घे, पेमेंट दहा-वीस रुपयांचंच ठेव, पिन टाकायची वेळ आली की रेकॉर्डिंग बंद आणि मान दुसरीकडे.