पुरावा नेमका कशाचा?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचलं. तक्ते स्वच्छ आहेत, संख्याशास्त्रात खोट काढावी असं काही नाही. माझं घोडं अडलं ते एका वाक्यापाशी: ‘यावरून सिद्ध होते की शिकलेल्या स्त्रीला घरातल्या निर्णयांत अधिक वाव मिळतो.’ तक्ता जिल्हावार आकड्यांचा आणि वाक्य एकेका बाईचं! एकीकडून दुसरीकडे तू पोचलीस कशी, ते कुठेच सांगितलेलं नाही.

विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाचा १९५० सालचा लेख मिळवून वाच. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतले आकडे आहेत. राज्यवार पाहिलं, तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती सोबतीनं वाढतात (अधिक) किंवा उलट जातात (उणे) त्याचं माप, उणे ०.५३. स्थलांतरित स्थानिकांपेक्षा जास्त शिकलेले, असं कोणीही बिनधास्त छापलं असतं. तोच हिशेब एकेका माणसाचा मांडला, तर चिन्हच फिरतं: अधिक ०.१२. म्हणजे निरक्षरता स्थलांतरितांतच थोडी जास्त होती. मात्र ते जाऊन राहिले होते स्थानिक लोक अधिक साक्षर असलेल्या राज्यांत. दोन्ही आकडे खरे. चूक होणार होती ती राज्यांचा आकडा माणसांच्या नावावर खपवण्यात.

याचा अर्थ गटाचे आकडे टाकाऊ असा घेऊ नकोस. प्रश्न जिल्ह्यांबद्दलचा असेल, तर जिल्ह्यांचाच तक्ता लागतो.

आता दुसरी गोष्ट, आणि मला ही जास्त खुपते. ‘निर्णयातला वाव’ तू मोजलास तो एका प्रश्नावरून: घरातले मोठे निर्णय कोण घेतं? मुलाखत घेताना खोलीत आणखी कोण होतं? नवरा दारात उभा असताना आणि नसताना एकच बाई एकच उत्तर देईल का? शिवाय शिकलेल्या बाईला आपल्याकडून कुठल्या उत्तराची अपेक्षा आहे, हे चटकन कळतं. मग शिक्षणानं बदललं काय, घरातला व्यवहार की प्रश्नावलीतलं उत्तर? दोन्हींत तुझा तक्ता हुबेहूब असाच दिसेल. आणि जो तक्ता दावा खरा असला काय, खोटा असला काय, तसाच दिसतो, तो त्या दाव्याचा पुरावा कसा?

गंमत म्हणजे दुसऱ्या प्रकरणात तू विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याला पानंच्या पानं दिली आहेस. खंडनक्षमता (दावा खोटा ठरू शकेल अशी कसोटी असली पाहिजे, हा त्याचा आग्रह), १९३४ चं पुस्तक, सगळं यथासांग. तिसऱ्या प्रकरणात मात्र तो कुठेच नाही! (हे तुझ्या एकटीचं नाही, बहुतेक प्रबंधांत तत्त्वज्ञान दुसऱ्या प्रकरणातच संपतं.) पॉपरच्या आधीच प्येर द्यूएम या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं एक अडचण दाखवली होती: गृहीतक एकटं कधीच तपासलं जात नाही, त्याच्यासोबत मोजमापाबद्दलची गृहीतकंही तपासली जातात. आपल्या क्षेत्रात ही पळवाट फार सोयीची आहे. आकडे विरोधात गेले की प्रश्नावली कच्ची, बाजूने आले की तीच भक्कम. म्हणून आकडे उघडण्याआधीच लिहून ठेवायचं की अमुक दिसलं तर मी दावा मागे घेईन. तारखेसकट. मानसशास्त्रात २०१५ मध्ये १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा मुळात जवळजवळ सगळ्यांत दिसलेला ‘लक्षणीय’ परिणाम जेमतेम ३६ टक्के प्रयोगांत पुन्हा दिसला. कारणांवर वाद आहे, पण निकाल पाहून मग गृहीतक रचण्याची सवय त्या कारणांत नक्की धरली जाते.

तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. वाक्य जिल्ह्यांपुरतं आवर. प्रकरण आजही उभं राहील, फक्त कमी गाजेल. नाहीतर बाईगणिक आकडे मांड, आणि मुलाखतीच्या वेळी कोण हजर होतं तो रकाना त्यात घाल. तुझ्यासाठी मुलाखती घेणाऱ्या तपासनिसांनी प्रश्नावलीच्या समासात तशा नोंदी केल्या असणार, चांगले तपासनीस करतातच. कोडिंग केलेली, म्हणजे उत्तरांचे आकडे करून भरलेली शीट नको, ती मूळ टिपणं मला पाठव.